पोचल्याचा निरोप

(कराड येथील वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी कधी पाहिलेलं नाही. बोलावणं आलं तेव्हा इथल्या एका जुन्या सभासदांना मी म्हटलं, त्यांची एखादी गोष्ट सांगा, म्हणजे माणूस कसा होता ते तरी कळेल. त्यांनी सांगितलं ते असं. गुरुजी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसत. एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ आले आणि म्हणाले, आमची मुलगी इथून कसली कसली पुस्तकं नेते ते जरा बघून सांगा. रजिस्टर समोर उघडंच होतं. गुरुजींनी ते मिटलं, वर हात ठेवला आणि म्हणाले, "तिला विचारा."

मला दिलेला विषय होता 'तंत्रज्ञान आणि कुटुंब'. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यातला एक लहानसा तुकडा मी उचलते: फोनच्या नकाशावर दिसणारे घरातल्या माणसांचे ठिपके. 'लोकेशन टाक' हे दोन शब्द आता 'जेवलास का' इतके घरगुती झालेत. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि माझे वडील, आमचे आबा, एसटीत ड्रायव्हर होते. या दोन्ही गोष्टींचा आज उपयोग होणार आहे.

आमचं घर चिपळूणला. आबांची ड्युटी बहुतेक घाटावरच्या गाड्यांवर असे. म्हणजे आज दुपारी मी ज्या कुंभार्ली घाटातून तुमच्याकडे आले, तो त्यांच्या पायाखालचा. पाटण, कराड, कधी त्याच्याही पुढे. वस्तीची गाडी असली की रात्री मुक्काम तिकडेच. घरात फोन नव्हता, शेजारीही नव्हता. तरी आबा कुठे आहेत हे आईला बऱ्यापैकी ठाऊक असे. मराठीत आपण वाट 'पाहतो', आणि आई ती खरोखरच पाहायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्याचा हातभर तुकडा दिसे, तेवढा. बाकीचा रस्ता तिला माणसं दाखवत. उलट्या फेरीचा कोणी ड्रायव्हर भाजी घेताना भेटला की म्हणे, "वहिनी, हेळवाकला गाठ पडली, मागनं येतायत." एसटीत प्रत्येक मोठ्या स्टँडवर कंडक्टर उतरून कंट्रोल केबिनमध्ये गाडीची नोंद करतो. आईचं कंट्रोल केबिन भाजीवाल्याच्या हातगाडीजवळ होतं, एवढाच फरक.

११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आबा वस्तीच्या गाडीवर पाटणला. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही सगळे अंगणात. कोयनानगर झोपलं, ही बातमी उजाडल्यावर आली. त्यानंतर आई दिवसभर काही बोलली नाही. चूल पेटवली, भात केला, वाढला, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ट्रकवाला दारात उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला आमचं घर शोधायला तासभर लागला होता. म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब धडधाकट आहेत. त्यांनी सांगितलंय, गाडी सोडली की येतो." आई मटकन खाली बसली. पुढे म्हातारपणापर्यंत ही गोष्ट सांगताना ती ट्रकवाल्याचं वाक्य कधी बदलत नसे. 'धडधाकट आहेत' एवढ्यावर ती थांबत नसे. "त्यांनी सांगितलंय" हे शब्द यायलाच हवेत, तेही जरा ठासून.

मला आज जे म्हणायचंय ते बरंचसं त्या दोन शब्दांत आहे. एखादा माणूस कुठे आहे हे आपल्याला *कळणं* आणि त्याने ते आपल्याला *सांगणं*, या निरनिराळ्या गोष्टी आहेत. घर बऱ्याच अंशी दुसरीवर चालतं. बाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परत आल्यावर चपला काढता काढता 'आलो गं' म्हणतो, समोरच्याला आपण दिसत असलो तरी. गावाला जाणाऱ्याला 'पोचल्याचं पत्र टाक' म्हणायचो. पुढे शेजाऱ्यांच्या फोनचे पी.पी. नंबर आले, मग एसटीडीचे बूथ, मग मिस कॉल. पैसे न पडता 'पोचलो' सांगण्याची ती मिस कॉलची युक्ती काय सुंदर होती! दोन रिंगा म्हणजे पोचलो, एकच रिंग म्हणजे उशीर होईल. घरोघर वेगळी लिपी. आणि ही सगळी लिपी सांगण्याची.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, पाच मिनिटांत सोडते.

जीपीएस ही अमेरिकी संरक्षण खात्याची यंत्रणा. पहिला उपग्रह १९७८ सालचा. १ सप्टेंबर १९८३ ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापराला मोकळी ठेवण्याचं जाहीर केलं. तरी लष्कराने नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये बंद केली आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची नजर सुधारली. हे उपग्रह आपल्या डोक्यावर वीस हजार किलोमीटरहून थोडे वर फिरतात. त्यांच्यावरचं घड्याळ, आइनस्टाइन सांगून गेले त्याप्रमाणे, रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते जमेस धरलं नाही तर दिवसाला दहा किलोमीटरची चूक साठत जाईल. वर्गात इथपर्यंत आले की मागच्या बाकावरची मुलंही जागी व्हायची.

पण मला सांगायचंय ते याच्यापुढचं. बहुतेकांना वाटतं, वरून उपग्रह आपल्याला बघतो. तसं नाही. उपग्रहाला तुमचा पत्ताच नसतो. तो नुसता 'मी इथे आहे आणि आत्ता अमुक वेळ आहे' असं पुकारत फिरतो. तुमचा फोन असे निदान चार पुकारे ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतःच मांडतो. फोन फक्त ऐकणारा. आकाश उघडं असेल तर घाटात, समुद्रात, मोबाइलची रेंज नसतानाही तो हे करू शकतो. ते उत्तर दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर मात्र मोबाइलचं जाळं लागतं, आणि कोणीतरी कधीतरी 'पाठव' म्हणून बोट टेकवलेलं असावं लागतं. म्हणजे कळणं आणि सांगणं हे या यंत्रातसुद्धा वेगळे दोन भाग आहेत. आपण घरी ते एकात कालवले.

कालवले म्हणजे काय, ते माझ्याच घरातलं सांगते. मुलीचं आहे. तिची परवानगी घेतली आहे. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे तिला विचारलं.

ती २०१८ साली नोकरीला पुण्याला गेली. तिने स्वतःहून माझ्या फोनवर तिचं लोकेशन लावून दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशनला मुदत असते, पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. गुगल मॅप्समध्ये 'तुम्ही बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे. तिने तो निवडला. मला कोण आनंद! सकाळी चहाबरोबर मी तिचा ठिपका बघायची. निघाली. पोचली. दुपारी कँटीन. रात्री खोलीवर. आईला जे खिडकीतून हातभर दिसायचं ते मला सबंध पुणे दिसत होतं. हळूहळू माझ्या फोनवरच्या बोलण्याचं काय झालं हे मला कळलंच नाही. पूर्वी मी विचारायची, "काय गं, काय चाललंय?" आता सुरुवातच अशी: "काल साडेदहापर्यंत बाणेरला काय करत होतीस?" आईचा फोन म्हणजे उलटतपासणी झाली.

जुलै २०१९. ती रात्रीच्या गाडीने घरी यायला निघाली. उंब्रज, पाटण, कोयनानगर, सगळं ठीक. पावणेअकराला हेळवाकच्या पुढे ठिपका थांबला. बाहेर मुसळधार. पाच मिनिटं, दहा, पंचवीस. फोन लागेना. मी भौतिकशास्त्राची मास्तरीण. रेंज नसली की नकाशा शेवटची कळलेली जागा धरून बसतो, हे मी स्वतः शिकवलेलं. ते सगळं ज्ञान त्या रात्री चुलीत गेलं. थांबलेला ठिपका म्हणजे थांबलेली गाडी, थांबलेली गाडी म्हणजे दरी. डेपोत फोन केला. धाकट्या भावाला उठवलं. तो रेनकोट चढवून मोटारसायकलवर पोफळीपर्यंत गेला. पंचावन्न मिनिटांनी घाटाच्या खाली ठिपका टुणकन उडी मारून पुढे सरकला. वर एक ट्रक बंद पडला होता, गाड्या एकेक सोडत होते. गाडीतली माणसं खिडक्या लावून निवांत झोपली होती. मुलगी खाली उतरली तर मामा पोफळीच्या नाक्यावर निथळत उभा.

आईने १९६७ साली दीड दिवस काढला. मला पंचावन्न मिनिटं निघाली नाहीत. आईकडे माहिती नव्हती, म्हणून धीर धरावा लागला. माझ्याकडे माहिती होती, तीही अर्धी, आणि अर्ध्या माहितीला धीर नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, वर्षभरात तू मला एकदाही 'कशी आहेस' विचारलेलं नाहीस." पुण्याला गेल्यावर तिने लोकेशन बंद केलं. कसली सूचना आली नाही की भांडण झालं नाही. सकाळी चहाबरोबर फोन उघडला आणि नकाशावर ठिपका नव्हता.

पहिला पंधरवडा वाईट गेला. व्यसन सुटताना जातो तसा. मग एका रात्री तिचाच फोन. म्हणाली, "तू विचारायचीस ना, गुरुवारी बाणेरला काय असतं? तिथे मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. आठ महिने झाले. झोप लागत नव्हती." आठ महिने, श्रोतेहो! इमारतीचा पत्ता, आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ, सगळं माझ्याकडे होतं. मी त्यावरून व्यायामशाळा काढली होती, नाचाचा क्लास काढला होता, एक मुलगाही काढला होता. हे मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं. ठिपका असेपर्यंत ती मला हे सांगू शकत नव्हती, कारण मी विचारायची ती आरोपीला विचारावं तशी.

अमेरिकेत लाइफ३६० नावाचं अ‍ॅप घरोघर आहे. २००५ च्या कतरिना वादळात कुटुंबं फुटली, माणसांचा माणसांना पत्ता लागेना, त्यातून ही कल्पना सुचल्याचं त्याचे संस्थापक ख्रिस हल्स सांगत आले आहेत. मला हे पटतं, कोयनेमुळे पटतं. पण संकटासाठी आणलेली वस्तू संकट संपल्यावर खुंटीला टांगली जात नाही. आज ते अ‍ॅप पोराच्या फोनची बॅटरी किती उरली आणि गाडी किती वेगात हाणतोय हेही आईबापांना सांगतं. तिकडच्या पोरांनी त्यावर इतकी बोंब मारली की २०२० मध्ये कंपनीने 'बबल्स' नावाची सोय दिली: नेमकी जागा न दाखवता काही तास नुसतं एक ढोबळ वर्तुळ दाखवायचं. म्हणजे 'इथेच कुठेतरी आहे, येईल'. आपल्या आज्यांना हे वर्तुळ फुकट ठाऊक होतं. दृष्टीआड सृष्टी, असं त्या म्हणत.

आपली पोरं बोंब मारत नाहीत, पळवाट काढतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी वर्गात पाहिलं, एकेका मुलीच्या सॅकमध्ये तीन-तीन फोन. दोघींचे ठिपके क्लासमध्ये बसलेले, दोघी वाशिष्ठी नदीच्या पुलावर वारा खात. मी ओरडले नाही. दुसरी माझी एक माजी विद्यार्थिनी, लग्न होऊन गावातच दिली, बँकेत नोकरीला. सासरच्या ग्रुपवर तिचा ठिपका चोवीस तास दिसला पाहिजे. नवऱ्याच्या फोनची बॅटरी मात्र संध्याकाळी सातला नेमाने संपते. ती जेवणाच्या सुट्टीत फोन टेबलाच्या खणात ठेवते आणि चालत आईकडे जाऊन येते. आईकडे! मला म्हणाली, "बाई, मला खोटं बोलावं लागत नाही, फोनच बोलतो." ठिपके कोणाचे दिसतात आणि बघतं कोण, एवढं घरात मांडून बघा. पूर्वी वाढताना पहिलं ताट कोणाचं हे बघितलं की घर कळायचं, तसं आता हे.

म्हातारेही यातून सुटलेले नाहीत. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, साखर बरीच. मुलगा परदेशात. तिकडची रात्र असते तेव्हा तो इकडचा सकाळचा ठिपका बघतो. एकदा ठिपका मिठाईच्या दुकानात वीस मिनिटं थांबला आणि फोन आला, "बाबा, जिलबी?" तेव्हापासून गृहस्थ फिरायला जाताना फोन घरी चार्जिंगला लावून जातात. म्हणजे रस्त्यात पडले तर ज्या वस्तूने कळायचं ती वस्तू घरी. एका जिलबीसाठी सगळ्या सुरक्षिततेवर पाणी सोडलं.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन आलं. हक्क आणि ठिपका दोन महिन्यांच्या अंतराने घरात शिरले, आणि आपण कोणाचं स्वागत केलं ते आपल्याला माहीत आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कंपन्यांना बजावतो की अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढू नका. पण माणूस स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी जे करतो त्याला हा कायदा लागूच नाही. कायदा उंबरठ्याशी चपला काढून बाहेर उभा. ते बरोबरच आहे, पोलीस माझ्या स्वयंपाकघरात नकोतच. पण जुलै २०२४ मधला एक निकाल ऐका. अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती, गुगल मॅप्सवर तुझी जागा तपास अधिकाऱ्याला दिसली पाहिजे. न्यायमूर्ती अभय ओक, आपले ठाण्याचे, आणि न्यायमूर्ती उज्जल भुइयां यांनी ती अट काढून टाकली. पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत डोळा ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही, खासगीपणाचा तो भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. जामिनावरच्या आरोपीला आहे ती मोकळीक बारावीतल्या मुलीला नाही. यावर मी भाष्य करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई ठिपक्याच्या विरोधात आहेत. नाही. माझ्या आबांच्या गळ्यात मी स्वतः ते यंत्र अडकवलं होतं.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वर्षं गेली, ड्युटी मात्र राहिली. पहाटे चारला उठायचे, कडी काढायचे आणि डेपोकडे चालायला लागायचे. सिमकार्ड घातलेलं एक चपटं यंत्र मिळतं, ते मी ताईतासारखं दोऱ्यात ओवलं. त्यांना विचारलं नाही. विचारून त्यांना कळलं नसतं. याचा मला अपराध वाटत नाही, म्हणजे थोडा वाटतो. ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी ठिपका, हे मला मान्य आहे. दोनदा ते डेपो सोडून नदीच्या बाजूला गेले, आणि त्या यंत्रानेच ते सापडले.

पण बहुतेक दिवस काय व्हायचं सांगू? मी दचकून उठून ठिपका शोधेपर्यंत फोन वाजलेला असायचा. डेपोतला तरुण वाहतूक नियंत्रक: "ताई, आबा आलेत. सावकाश या." मी जायची. आबा केबिनबाहेरच्या बाकावर, मांडीवर रिकामी डब्याची पिशवी. मला म्हणायचे, "गाडी लागायची आहे अजून." एकदा मी त्या मुलाच्या टेबलावर बघितलं. जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर त्याने रकाने आखले होते. तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात आबांची वेडीवाकडी सही. रोज पहाटे तो त्यांच्याकडून नोंद करून घ्यायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आबा पोचले, आणि पोचल्याचं त्यांनी स्वतः लिहून दिलं. यंत्र गळ्यात होतंच. ती पानं मी आबांच्या मागे त्या मुलाकडून मागून घेतली. एकशे बेचाळीस सह्या आहेत. शेवटच्या काहींत नाव नाही, नुसती एक आडवी रेघ.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. माझं एक काम राहिलंय. आज दुपारी घाटात धुकं होतं, गाडी सावकाश आली, स्टँडवरून थेट इथे, आणि व्यासपीठावर चढताना मी फोन बंद केला. मुलीला माझा ठिपका दिसत नाही, तो मीही तिच्यासाठी लावलेला नाही. 'पोचले' एवढं तिला कळवायचं राहून गेलंय. तेव्हा आभाराचं भाषण सुरू होईल तेव्हा मी दोन मिनिटं बाहेर गेले तर गैरसमज करून घेऊ नका.